घराचा ‘नमुना आठ’ वाचता येतो का? घरपट्टीच्या नोंदी शोधणे, समजून घेणे आणि वापरणे



मागच्या वर्षी नववीच्या वर्गाला ‘स्थानिक शासन संस्था’ शिकवताना मी एक सोपा गृहपाठ दिला. ‘उद्या येताना आपल्या घराच्या कर आकारणीचा उतारा, म्हणजे नमुना आठ, घेऊन या. नसेल तर घरपट्टीची पावती आणा.’ दुसऱ्या दिवशी एकोणतीस मुलांनी कागद आणले. त्यातले सतरा कागद शेताचे निघाले. घरच्यांनी ‘आठ’ म्हटल्यावर तलाठ्याकडचा ‘आठ-अ’ काढून दिला होता. म्हणजे मुलांचीच नाही, मोठ्यांचीही इथं गल्लत होते.

बाकीचे कागद आम्ही वर्गात वाचायला घेतले. एकीच्या घराचं क्षेत्रफळ निम्मंच लागलेलं. एकाच्या उताऱ्यावर पणजोबांचं नाव. आणि एक मुलगी कागदाकडे बघत गप्प बसली होती. विचारलं तर म्हणाली, “सर, यात आमच्या आईचं नाव कुठंच नाही. पप्पांचंही नाही. फक्त मोठ्या काकांचं आहे.”

तिचे वडील वारलेले. घरकुलाच्या यादीत आईचं नाव आलेलं, पण जागेचा पुरावा म्हणून नमुना आठ मागितला होता आणि तो तिच्या नावानं निघत नव्हता. एका ओळीतल्या नावापायी घर अडलं होतं. त्या मुलीच्या घरचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी आजचा पाठ बघू, कारण ते प्रकरण सुटलं ते हा कागद नीट वाचल्यामुळेच.

१) आधी गल्लत दूर करू : आठ, आठ-अ आणि मिळकत पत्रिका

नावं सारखी वाटली तरी हे तीन वेगळे कागद आहेत आणि ते तीन वेगळ्या कार्यालयांत मिळतात.

नमुना आठ : हा ग्रामपंचायतीचा कागद. पूर्ण नाव ‘कर आकारणी नोंदवही’. गावात कोणतं घर, कोणाच्या नावे, किती मोठं, कशाचं बांधलेलं आणि त्यावर किती कर, हे यात असतं. याचीच जोडीदार वही म्हणजे नमुना नऊ, ‘कर मागणी नोंदवही’. त्यात मागची बाकी किती, चालू मागणी किती आणि वसूल किती झालं हे दरसाल लिहितात. कर भरल्यावर आपल्याला मिळते ती पावती नमुना दहा.

गाव नमुना आठ-अ : हा महसूल खात्याचा, तलाठ्याकडचा कागद. (तलाठ्यांचं पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे.) एका खातेदाराच्या नावे गावात कोणकोणत्या गटात मिळून किती शेतजमीन आहे ते यात दिसतं. सातबारा एका गटाची माहिती देतो, आठ-अ एका माणसाची. घराशी याचा संबंध नाही.

मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड : हा भूमी अभिलेख खात्याचा कागद. शहरात नगर भूमापन कार्यालय हा देतं. शहरातल्या आणि मोजणी झालेल्या गावठाणातल्या जागेचा हक्क, क्षेत्र आणि धारक यात येतो.

आता प्रश्न पडेल, गावातल्या घराला मिळकत पत्रिका का नसायची? कारण पूर्वी साधारण दोन हजारांवर लोकसंख्या असलेल्या गावांच्याच गावठाणांचं नगर भूमापन होत असे. आपल्या भागातली कितीतरी लहान गावं आणि तांडे त्यात आलेच नाहीत. तिथल्या घराचा सरकारदरबारी कागद म्हणजे फक्त नमुना आठ. ही उणीव भरून काढायला ड्रोनने गावठाण मोजायचं काम सुरू झालं. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात त्याचा पहिला प्रयोग झाला आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. आपल्या गावाची ड्रोन मोजणी होऊन सनद वाटप झालं असेल, तर सनद आणि नमुना आठ शेजारी ठेवून नाव व क्षेत्र जुळतं का ते जरूर बघा.

२) आपली नोंद कुठे आहे?

आपलं घर कोणत्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत आहे, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत चार प्रकार सापडतात.

(अ) ग्रामपंचायत : ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) अर्ज करा. नमुना आठचा उतारा ही लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खालची सेवा आहे. २० रुपये फी आणि ५ दिवसांची मुदत. अर्ज दिला की पोच घ्यायला विसरू नका. पोच नसेल तर पाच दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे?

(आ) नगरपंचायत : लातूर जिल्ह्यात रेणापूर, चाकूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ, नांदेड जिल्ह्यात अर्धापूर, माहूर, हिमायतनगर, नायगाव. ही गावं आधी ग्रामपंचायती होती. म्हणून जुना उतारा हवा असेल तर ‘ग्रामपंचायत काळातली आकारणी नोंदवही’ असं स्पष्ट लिहून मागायचं.

(इ) नगरपरिषद : उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा, तिकडे देगलूर, मुखेड, कंधार, लोहा, भोकर, किनवट, धर्माबाद वगैरे. इथं कर विभागात ‘आकारणी यादीचा उतारा’ मिळतो. लोक त्याला ‘असेसमेंट उतारा’ म्हणतात. कारभार १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने चालतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तिला ‘चतुर्थ वार्षिक आकारणी’ म्हणतात.

(ई) महानगरपालिका : नांदेड वाघाळा शहर महानगरपालिका १९९७ मध्ये झाली, लातूर शहर महानगरपालिका २०११ मध्ये. इथं मालमत्ता क्रमांक हीच किल्ली. तो कराच्या बिलावर असतो. बिल सापडत नसेल तर शेजारच्या घराचं बिल बघा, त्याच्या आगेमागेच आपला क्रमांक सापडायची शक्यता असते. नांदेडला सिडकोने वसवलेल्या भागात घर असेल तर महापालिकेच्या नोंदीबरोबर सिडकोकडची नोंदही तपासा.

सातबारा, आठ-अ आणि मिळकत पत्रिका ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर नुसत्या बघायला पैसे पडत नाहीत. पण ती प्रत फक्त माहितीसाठी. बँकेत किंवा कचेरीत लावायची असेल तर डिजिटल सहीची प्रत काढावी लागते. नमुना आठ मात्र या संकेतस्थळावर शोधू नका. तो महसुलाचा कागदच नाही.

३) नमुना आठ कसा वाचायचा?

उतारा हातात आल्यावर बहुतेक जण खालची कराची रक्कम बघतात आणि घडी घालून ठेवतात. खरी माहिती वरच्या रकान्यांत असते. एकेक बघू.

मालमत्ता क्रमांक : फेरआकारणीत हा बदलू शकतो. म्हणून जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक घरी लिहून ठेवा.

मालकाचे नाव आणि भोगवटा करणाऱ्याचे नाव : हे दोन वेगळे रकाने आहेत. राहणारा आणि मालक एकच असेल तर दोन्हीकडे तेच नाव किंवा ‘स्वतः’ असं येतं. भाडेकरू असेल तर त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात येतं. सरकारी जागेवर घर असेल तर पहिल्या रकान्यात शासन किंवा ग्रामपंचायत आणि दुसऱ्यात राहणाऱ्याचं नाव, असंही दिसतं. नुसतं ‘आपलं नाव आहे’ म्हणून समाधान मानू नका. ते कोणत्या रकान्यात आहे ते बघा.

मालमत्तेचे वर्णन : दगडमातीचं माळवद, पत्र्याचं घर, विटा-सिमेंटचं, आर.सी.सी. छताचं, गोठा, खुली जागा किंवा पडसर. आपल्याकडं माळवद पाडून स्लॅब टाकला तरी वहीत वर्षानुवर्षे माळवदच राहतं. कर कमी लागतो म्हणून लोकही गप्प राहतात. पण उद्या कर्ज काढायचं झालं किंवा पावसात घर पडून पंचनामा झाला, तर कागदावर माळवद आणि जागेवर स्लॅब, याचं उत्तर द्यावं लागतं.

क्षेत्रफळ : एकक तपासा. चौरस फूट की चौरस मीटर? १ चौ.मी. म्हणजे सुमारे १०.७६ चौ.फूट. ४० चौ.मी.चं घर म्हणजे साधारण ४३० चौ.फुटांचं. रकाना चुकला की घर दहापट मोठं किंवा एक दशांश होतं.

बांधकामाचे वर्ष : यावरून घसारा ठरतो. घर जितकं जुनं तितकी किंमत कमी.

शेरा : सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित रकाना. नाव बदललं, वाटणी झाली, बांधकाम वाढलं, की कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावाने, कोणत्या तारखेला बदल केला हे इथं यायला हवं. नाव बदललंय आणि शेरा कोरा आहे, असं दिसलं की थांबा. तिथं प्रश्न विचारायला जागा आहे.

४) आकारणीचं गणित

गणिताच्या तासालाही हे चालेल. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर बसू लागली. सूत्र असं :

भांडवली मूल्य = [(जागेचे क्षेत्रफळ × जमिनीचा दर) + (बांधकामाचे क्षेत्रफळ × बांधकाम दर × घसारा)] × वापराचा भारांक

कर = भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे ठरवलेले पैसे

आता उदाहरण. आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत, तुमच्या गावाचे दर वेगळे असतील. जागा ६० चौ.मी., जमिनीचा दर ५०० रुपये. बांधकाम ४० चौ.मी., दर ६,००० रुपये, घसारा ०.७०. राहतं घर म्हणून भारांक १. कराचा दर हजारी ८० पैसे.

जागा : ६० × ५०० = ३०,००० रुपये
बांधकाम : ४० × ६,००० × ०.७० = १,६८,००० रुपये
भांडवली मूल्य : १,९८,००० रुपये
घराचा कर : १९८ × ०.८० = १५८.४० रुपये

याच घराचं बांधकाम वर्ष चुकून चालू वर्ष लागलं, म्हणजे घसारा ०.७० ऐवजी १ धरला, तर बांधकामाची किंमत २,४०,००० होते, भांडवली मूल्य २,७०,००० आणि कर २१६ रुपये. घर तेच, वर्ष चुकलं, दरसाल ५७ रुपये ६० पैसे जास्त. रक्कम लहान वाटेल, पण पुढच्या फेरआकारणीपर्यंत ती दरवर्षी लागते. दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी यांचे रकाने वेगळे असतात, ते यात धरलेले नाहीत.

शहरात जुनी पद्धत वार्षिक भाड्याची. घर भाड्याने दिलं तर वर्षाला रास्त भाडं किती येईल ते धरायचं आणि दुरुस्तीसाठी त्यातून १० टक्के वजा करायचे. उरतं ते करयोग्य मूल्य. महिना २,००० रुपये भाडं धरलं तर वर्षाचे २४,०००, वजा २,४००, करयोग्य मूल्य २१,६०० रुपये. त्यावर मालमत्ता कर, वृक्ष कर, राज्याचा शिक्षण कर असे वेगवेगळे टक्के लागतात. दुकान किंवा इतर बिगरनिवासी वापर असेल तर रोजगार हमी करही येतो. म्हणून बिलावर ‘वापर’ काय लिहिलाय ते बघा. पुढच्या खोलीतलं दुकान बंद करून तिथं पोरं अभ्यासाला बसत असतील, तर तसं लेखी कळवा. नाहीतर बिल दुकानाचंच येत राहील.

आणि थकबाकी? शहरात थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ५,००० रुपये थकले तर महिन्याला १००, वर्षाला १,२०० रुपये. म्हणजे वर्षाला २४ टक्के. इतक्या व्याजानं बँकही कर्ज देत नाही.

५) जुनी नोंद शोधताना : मराठवाड्याचा हिशोब वेगळा

वाडवडिलांच्या घराची किंवा जागेची नोंद शोधायची तर आपल्या भागाचा इतिहास माहीत हवा. नाहीतर माणूस चुकीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा मारतो.

लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीचा जिल्हा पातळीवरचा कागद उस्मानाबादच्या नावाने असणार. आणखी मागे गेलो तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके निजामाच्या हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते आपल्याकडं आले. उलट नांदेड जिल्ह्यातला भैंसा-मुधोळचा भाग त्याच वेळी आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या तेलंगणाकडे गेला. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या ज्या घरांची सोयरीक आणि जमीन सीमेपलीकडे आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

भाषेचंही तसंच. संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती, आणि गावपातळीवरच्या कागदांत मोडी लिपीही सापडते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली गेली. तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या माणसांची किती गरज आहे, हे सगळ्यांना कळलं. घरात असा एखादा कागद असेल तर तो ‘कळत नाही’ म्हणून रद्दीत घालू नका.

तारीखही फसवते. त्या कागदांवर फसली सन असतो. ढोबळ मानाने फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. पोलीस कारवाई झाली ते साल. शेतजमिनीसाठी १९५४-५५ चं खासरा पत्रक हा मराठवाड्यातला महत्त्वाचा जुना कागद आहे. घर गावठाणाबाहेर शेतात बांधलेलं असेल तर जागेचा माग काढायला तोही उपयोगी पडतो.

आपत्तीने हललेल्या गावांची गोष्ट आणखी वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातली कितीतरी गावं मूळ जागा सोडून नव्या जागी वसली. अशा गावात उतारा मागताना जुन्या गावठाणातली जागा की नव्या गावातलं घर, हे सांगितलं नाही तर भलताच कागद हातात पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पुराचं पाणी गावांत शिरलं, तेव्हा घरातल्या धान्याबरोबर कागदही भिजले. घरातला कागद वाहून जातो, पण कार्यालयाच्या वहीतली नोंद राहते. म्हणून निदान मालमत्ता क्रमांक तरी घरातल्या दोघा-तिघांना पाठ हवा. उताऱ्याचा फोटो काढून नातेवाईकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवायला पैसे लागत नाहीत.

६) ही नोंद काय सांगते आणि काय सांगत नाही?

आजच्या पाठातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. गावाकडं सर्रास म्हणतात, “नमुना आठ माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझं.” हे बरोबर नाही.

नमुना आठ किंवा असेसमेंट उतारा ही कर वसुलीसाठी ठेवलेली नोंद आहे. कर कोणाकडून घ्यायचा, एवढंच ती ठरवते. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा हक्क यांतून. महसुली आणि कराच्या नोंदींनी मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. म्हणून कोणी नुसता नमुना आठ दाखवून घर विकायला आला तर आधी त्याला ‘खरेदीखत दाखव’ म्हणायचं. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोन बघायची.

तसंच, कर लागला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असंही नाही. महापालिका अनधिकृत बांधकामावर कर आणि वर शास्तीही लावते, पण त्यामुळे ते बांधकाम नियमित होत नाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे.

मग ही नोंद काय कामाची? खूप कामाची. कोण, कुठे, किती वर्षांपासून राहतंय आणि कर भरतंय, याचा हा सलग पुरावा आहे. वीस-तीस वर्षांचे उतारे ओळीने लावले तर घराची वंशावळ दिसते. आजोबा, मग दोन मुलं, मग नातवंडं. वाद झाला की हाच क्रम बोलतो. घरकुल, वीज जोडणी, कर्ज, नुकसानीचा पंचनामा, या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा हाच कागद मागतात. मालकीचा शेवटचा शब्द त्याचा नसला, तरी कामाची सुरुवात त्याच्यापासूनच होते.

७) चूक असेल तर काय करायचं?

पहिली गोष्ट, हरकतीची वेळ साधायची. फेरआकारणी झाली की यादी प्रसिद्ध होते आणि हरकतीला मुदत मिळते. ग्रामपंचायतीच्या फलकावर ती यादी लागते आणि आपण तिकडे फक्त निकाल बघायला जातो! त्या मुदतीत एक साधा अर्ज पुरतो. मुदत गेल्यावर तेच काम अपिलात जातं. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येतं. महापालिकेच्या आकारणीविरुद्ध आधी आयुक्तांकडे तक्रार, मग न्यायालयात अपील. तिथं मुदत फक्त १५ दिवसांची आणि वादातली रक्कमही आधी भरावी लागते.

दुसरी गोष्ट, नाव बदलाला उशीर करायचा नाही. महापालिका हद्दीत घर विकलं किंवा घेतलं तर तीन महिन्यांत कळवायचं असतं. न कळवल्यास विकणाऱ्याच्याच नावे मागणी येत राहते. घरधनी वारल्यावर मृत्यू दाखला, वारसांची नावं, इतर वारसांची संमती किंवा वाटणीपत्र जोडून अर्ज द्या. वारसांत मुलीही येतात, हे विसरू नका. सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क कायद्याने मान्य आहे. आणि घरधनी हयात असतानाच पती-पत्नी दोघांची नावं उताऱ्यावर लावून घेतली तर पुढचा अर्धा त्रास वाचतो. ग्रामीण घरं दोघांच्या नावे नोंदवावीत, असं शासनाचंच धोरण आहे.

तिसरी गोष्ट, नोंद दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, ३० दिवसांची मुदत. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. असं लिहा : ‘मालमत्ता क्रमांक अमुक, मागील तीन फेरआकारणींच्या नमुना आठच्या साक्षांकित प्रती, आणि नाव बदलाच्या ठरावाची प्रत.’ नेमकं मागितलं की नेमकं मिळतं. नोंदवही प्रत्यक्ष पाहायलाही मागता येते.

८) त्या मुलीच्या घरी काय झालं?

आम्ही तेच केलं. तिच्या आईने तीन फेरआकारणींचे उतारे मागितले. पहिल्यात आजोबांचं नाव होतं. दुसऱ्यात दोन्ही मुलांची नावं, म्हणजे मुलीच्या काकांचं आणि वडिलांचं. शेऱ्यात ठराव क्रमांक आणि तारीख. तिसऱ्यात फक्त काकांचं नाव आणि शेरा कोरा. नाव कमी करायचा ठरावच झाला नव्हता.

काका काही खोटा माणूस नव्हता. फेरआकारणीला घरोघर माणूस आला तेव्हा मुलीची आई उसाच्या टोळीबरोबर बाहेर होती. काका घरी होते. “घर कोणाचं?” असं विचारलं, त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि ते लिहिलं गेलं. मुलीची आई दरवर्षी निम्मी घरपट्टी काकांच्या हातात देत होती. पावती मात्र काकांच्या नावे फाटायची आणि ती तिनं कधी वाचली नव्हती. वाचता येत होतं, पण त्यात वाचण्यासारखं काही असतं हेच कोणी सांगितलं नव्हतं.

मधला उतारा, मृत्यू दाखला आणि काकांचा लेखी जबाब जोडून अर्ज दिला. मासिक सभेत ठराव झाला, नोंद दुरुस्त झाली. पण तोवर घरकुलाची त्या वर्षीची मुदत हुकली होती. एक पावसाळा त्यांनी पुन्हा गळक्या पत्र्याखाली काढला. आता पुढच्या टप्प्यात नाव आहे. मालकीची वाटणी अजून व्हायची आहे. त्यासाठी वाटणीपत्र करावं लागेल, कारण आपण वर बघितलं तसं नुसत्या नमुना आठने मालकी ठरत नाही. तरी घराचं दार आता उघडलं आहे.

दुरुस्त उतारा त्या मुलीनं वर्गात आणला. तो मी फळ्याशेजारी लावला नाही, तिला परत दिला. म्हटलं, “आईला वाचून दाखव. सगळे रकाने, शेऱ्यासकट.”

उपक्रम व स्वाध्याय

१. आपल्या घराचा नमुना आठ किंवा असेसमेंट उतारा मिळवा. मालकाच्या आणि भोगवट्याच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वहीत लिहा. ती व्यक्ती हयात आहे का?

२. टेपने घर मोजा. क्षेत्रफळ चौ.फूट आणि चौ.मी. दोन्हींत काढा. उताऱ्याशी ताळा जमतो का?

३. वरच्या उदाहरणात घसारा ०.७० च ठेवून बांधकामाचे क्षेत्रफळ ४० ऐवजी ६० चौ.मी. धरा. कर किती येईल? (उत्तर : २२५ रुपये ६० पैसे)

४. नमुना आठ आणि गाव नमुना आठ-अ यांतले तीन फरक लिहा.

५. १३४० फसली म्हणजे इसवी सनाचं कोणतं साल? त्या वेळी तुमचा तालुका कोणत्या जिल्ह्यात होता? आजी-आजोबांना विचारून लिहा.

६. घरातल्या मोठ्यांशी बोला : आईचं नाव उताऱ्यावर आहे का? नसेल तर ते लावायला काय काय लागेल याची यादी करा आणि ती यादी वहीत न ठेवता वडिलांच्या हातात द्या.